पडदा, पार्टिशन आणि भोंगा

मंडळी, पोस्ट लांबलचक झालीय, आधीच सांगतो. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा. मोबाइलवरच वाचणार आहात हे मला माहीत आहे, त्यामुळं विषयाला धरूनच होईल.

गेल्या रविवारी आपल्या गल्लीतल्या देवळात बैठक झाली. विषय एकच, पोरांचा मोबाइल. कुणाचा पोरगा रात्री दोनपर्यंत जागतो, कुणाची पोरगी जेवताना मान वर करत नाही, कुणाच्या खात्यातून गेमपायी साडेतीन हजार गेले. शेवटी ठराव पुढं आला. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात मोबाइल दिसला की पालकाला पाचशे रुपये दंड. बहुतेकांनी हात वर केले. मी केला नाही. बाहेर पडताना एका तात्यांनी विचारलंच, "तुमचं कॅफेचं दुकान होतं म्हणून काय?"

होय तात्या, म्हणूनच. त्याचं उत्तर बैठकीत देता आलं नाही, इथं देतो.

विट्यात मी 2000 साली सायबर कॅफे टाकला. जुन्या लोकांना आठवत असेल. सहा असेंबल केलेली मशीन, एक डायल-अप मोडेम, आणि तो लागताना येणारा किर्रर्र आवाज. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमकडून. विट्याला यायला पाच वर्षं लागली. सुरुवातीला तासाला चाळीस रुपये घेत होतो, नंतर तीस, वीस, शेवटी दहा. गिऱ्हाईक म्हणजे गलाईवाल्यांची घरं. कुणाचा भाऊ कोईमतूरला, कुणाचा नवरा आणखी कुठं. सोन्याचांदीच्या धंद्यात अर्धा तालुका देशभर पसरलेला, त्यांना ई-मेल करायला बायका-पोरं यायची. बारावीच्या निकालाच्या दिवशी तर दारात रांग लागायची.

पण भाडं निघायचं ते यांच्यावर नाही, नववी-दहावी-अकरावीच्या पोरांवर. दुपारी बारा ते पाच. शाळा चालू असायची तेव्हाच. मी प्लायवूडची पार्टिशन घातली होती, छताला दोन फूट कमी, आणि प्रत्येक खोपटाला पडदा. पडदा लावला त्या महिन्यापासून धंदा दीडपट झाला. आत काय चालतं हे मला कळत होतं. याहूवर चॅट, नको ती चित्रं, आणि लॅनवर बंदुकांचा गेम. मी विचारत नव्हतो. वही होती, वहीत नाव आणि वेळ, संपला विषय.

2001 साली मुंबई उच्च न्यायालयानं एक समिती नेमली. सायबर कॅफेत मुलं अश्लील साइट बघतात अशी तक्रार करणारं पत्र न्यायालयाकडं गेलं होतं, त्याचीच याचिका करून घेतली होती. पुढच्या वर्षी समितीचा अहवाल आला. कॅफेत येणाऱ्याचं ओळखपत्र बघा, लहान मुलांना बंद खोपटात बसवू नका, उघड्यावरच्या मशीनवर बसवा, असं त्यात सुचवलेलं होतं. मी पेपरात वाचलं, पेपर घडी करून ठेवला आणि पडदे तसेच राहिले. तालुक्याच्या गावात कोण बघायला येतंय?

एक पोरगा होता, नववीतला. नाव सांगत नाही, त्याची आता स्वतःची पोरं आहेत. रोज यायचा. कधी पैसे रोख, कधी मांडून ठेव म्हणायचा. एके दिवशी त्याचे वडील आले. तमिळनाडूत गलाईच्या दुकानात कामाला, पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेले. काउंटरसमोर उभं राहून शांतपणे विचारलं, "माझा पोरगा या महिन्यात हितं किती तास बसला?" मी वही उघडली. दोघांनी मिळून बेरीज केली. एकसष्ट तास. शाळेच्या फीचे पैसे माझ्या गल्ल्यात आले होते. त्यांनी विचारलं, "बाकी किती?" म्हटलं, एकशेचाळीस. त्यांनी खिशातून काढून मोजून दिले आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते पैसे मी घेतले, हेही लिहून ठेवतो.

पुढं 2011 साली केंद्र सरकारनं सायबर कॅफेचे नियम काढले. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, पडद्याची तोंडं, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनची, मोकळ्या जागेकडं पाहिजेत, ओळखपत्र नसलेल्या लहान मुलाबरोबर मोठं माणूस पाहिजे, नोंदी वर्षभर ठेवायच्या. मी सुताराला बोलावून पार्टिशन कापून घेतली. भुसा पडला खाली, अन् सुतार म्हणाला, "मालक, गिऱ्हाईक कुठाय?" खरंच नव्हतं. पोरं समोरच्या मोबाइलच्या दुकानात होती. तिथं दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळत होतं, गाणी, पिक्चर, आणि काउंटरखालून बाकीचं सगळं. फेसबुक फोनवर चालायला लागलं होतं. सरकार पार्टिशनची उंची फुटात मोजत होतं तेव्हा ती गोष्ट खिशात जाऊन बसली होती. 2012 ला मी शटर ओढलं.

हे एकट्या विट्याचं नाही. 2007 च्या मार्चमध्ये मुंबईच्या आयआयटीनं वसतिगृहांतलं इंटरनेट रात्री 11 ते दुपारी 12.30 बंद केलं होतं. देशातली सगळ्यात हुशार पोरं रात्रभर गेम अन् चॅट करून सकाळच्या तासाला येत नव्हती. तेव्हा मला बातमी वाचून हसू आलं होतं. म्हटलं, आमच्या नववीच्या पोरात आणि त्यांच्यात फरक एवढाच की त्यांच्याकडं वही ठेवणारा नाही.

दक्षिण कोरियानं 2011 च्या नोव्हेंबरात कायदाच लागू केला. सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री 12 ते सकाळी 6 ऑनलाइन गेम बंद. मुलांनी आईबापाच्या नोंदणी क्रमांकानं खेळायला सुरुवात केली. खेळ कॉम्प्युटरवरून मोबाइलवर गेले आणि कायदा मागं पडला. दहा वर्षांनी, 2022 सुरू होताच, तो मागं घेतला. चीनमध्ये तर त्याहून वाईट झालं. तिथं लष्करी थाटाची शिबिरं निघाली, एका रुग्णालयात पोरांना विजेचे झटके द्यायचे. 2009 साली एका शिबिरात पंधरा वर्षांचा मुलगा मारहाणीत गेला आणि त्याच वर्षी सरकारला झटक्यांचा उपचार थांबवायला लागला. बारा वर्षांनी, 2021 ला, त्यांनी नियम काढला की लहानांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री 8 ते 9 गेम खेळायचे. तिथंही घरातल्या मोठ्यांच्या खात्यावरून खेळणं सुरू झालं. मोठ्यांचं खातं उघडंच होतं ना.

आता याला आजार म्हणायचं का, त्याची गोष्ट मजेशीर आहे. 1995 साली न्यूयॉर्कच्या आयव्हन गोल्डबर्ग नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं चेष्टेत एक आजार लिहिला. डॉक्टरांची जी जाडजूड व्याख्यांची पोथी असते तिची नक्कल म्हणून. इंटरनेटचं व्यसन आणि त्याची लक्षणं, त्यात एक असं की बोटं आपोआप टायपिंग करतात. टिंगल होती ती. पण वाचून त्याच्याच ओळखीच्या डॉक्टरांनी कळवलं की आम्हाला हा आजार आहे, मदत करा!

पुढच्याच वर्षी, 1996 ला, किंबर्ली यंग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी टोरांटोच्या परिषदेत हीच गोष्ट गंभीरपणे मांडली. जुगाराच्या व्यसनाचे निकष घेऊन त्यांनी आठ प्रश्न तयार केले. वापर कमी करायचा प्रयत्न करूनही जमला नाही का, बंद केलं की चिडचिड होते का, घरच्यांशी खोटं बोललात का, असे. आज शाळेत समुपदेशक बाई जे कागद भरून घेतात, त्यातले बरेच प्रश्न तिथूनच आलेले आहेत. त्या वर्षी यंगबाईंनी एका रुग्णाची सविस्तर हकिकत छापली. तो कॉलेजचा पोरगा नव्हता. 43 वर्षांची गृहिणी होती ती. घरात कॉम्प्युटर, चॅट रूमचा नाद, संसाराकडं दुर्लक्ष. "पोरांचा आजार" म्हणून आपण ज्याच्यावर बैठका घेतो त्याच्या पहिल्या पेशंटांपैकी एक त्रेचाळीस वर्षांची बाई. हे वाचलं तेव्हा मी 46 वर्षांचा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत आज फक्त गेमिंगचा विकार आहे, 1 जानेवारी 2022 पासून लागू. त्यात किती तास ते लिहिलेलं नाही. ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असून थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर. बाकी रील बघणं, स्टेटस बघणं, हे अजून "समस्यात्मक वापर" या गोलमोल नावाखाली आहे. आपल्याकडं बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून याच कामासाठी वेगळं क्लिनिक चालतं. मला विचाराल तर आपला "नाद" हा शब्द डॉक्टरांच्या शब्दापेक्षा बरा. नाद भजनाचाही असतो, बैलाचाही असतो, कुस्तीचाही. नाद लागला म्हटलं की आपण आधी बघतो, याचं घर चालतंय का, झोप होतीय का, आणि मग ठरवतो काळजी करायची का नाही. व्यसन म्हटलं की दंडाचा ठराव सुचतो.

भीतीचंही एक उदाहरण घ्या. 2017 चा ब्लू व्हेल आठवतो? मुंबईत एका चौदा वर्षांच्या मुलानं जीव दिला आणि त्याच्यामागं तो गेम आहे असं सगळीकडं झालं. आपल्या ग्रुपवर दिवसाला वीस मेसेज. शाळांनी पोरांचे हात तपासले. मग जानेवारी 2018 मध्ये गृहराज्यमंत्री हंसराज अहीर, आपल्या चंद्रपूरचे, यांनी लोकसभेत सांगितलं की सरकारच्या समितीनं प्रकरणं तपासली आणि एकाही घटनेत त्या गेमचा हात सिद्ध झाला नाही. ही बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली? मला एकही आली नाही. त्या पोरांच्या मनात काय चाललं होतं ते विचारायचं सोडून आपण सहा महिने एका देवमाशाच्या मागं धावलो.

आणि ज्याला घाबरायला पाहिजे होतं ते आपणच हातानं घरात आणत होतो. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, शिक्षकदिनाला, योगायोग बघा. मार्च 2017 पर्यंत सगळं फुकट. माझ्या कॅफेत पोराला तासाला दहा रुपये मोजायला लागायचे, म्हणजे दहा रुपये संपले की तो उठायचा. गरिबी हेच त्याचं कुलूप होतं. फुकटात ते कुलूप गेलं. मी स्वतः रांगेत उभं राहून तीन सिमकार्डं आणली, एक आईसाठी.

मग मार्च 2020. शाळा बंद. त्या जूनपासून शाळा मोबाइलवर. मधे उघडल्या, परत बंद झाल्या, राज्यभर म्हणून उघडायला ऑक्टोबर 2021 उजाडला. दीड वर्ष आपणच पोराला सकाळी सांगत होतो, मोबाइल घे, तास सुरू झाला. माझा मुलगा तेव्हा आठवीत. घरात एक फोन, दोन पोरं. मी माळ्यावर धूळ खात पडलेली कॅफेची शेवटची दोन मशीन भंगारात घातली, वर नऊ हजार टाकले आणि त्याला फोन घेतला. दुकानातून बाहेर पडताना एकसष्ट तासांची वही आठवली नाही, असं म्हणणार नाही.

दहावीला तो रात्री एक-दीडपर्यंत जागायचा. एकदा फोन हिसकावून घेतला, दार आपटलं, दोन दिवस अबोला. मग घरातल्यांच्या सांगण्यावरून दोघांनी समोरासमोर बसून फोनमध्ये रोजच्या वापराचा जो हिशेब दिसतो तो उघडला. त्याचा त्या दिवशीचा आकडा पाच तास चाळीस मिनिटं. म्हणाला, "पप्पा, तुमचा?" सहा तास दहा मिनिटं. माझं ग्रुप, बातम्या, रील, राजकारणावरची भांडणं. त्याला मार्क कमी पडले तर बैठक बसते, माझ्या सहा तासांची बैठक कोण घेणार?

आता मुद्द्यावर येतो, बैठकीच्या ठरावावर. असे ठराव आपल्या राज्यात आधी झालेत. दोन्ही 2022 चेच.

एक यवतमाळ जिल्ह्यातलं बान्सी, पुसद तालुक्यात. नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेनं ठराव केला, अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंदी, मोडली तर दंड. आपला ठराव जवळपास त्याचीच नक्कल आहे. गावकऱ्यांचा हेतू चांगलाच, त्यात शंका नाही. पण अभ्यास मोबाइलवर, परीक्षेची माहिती मोबाइलवर, मग बंदी पाळायची कशी? आणि दंड करायचा तर घराघरात डोकवायचं कोणी?

दुसरं आपल्या शेजारचं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तीनेक हजार वस्ती. कोविडनंतर मास्तर सांगायला लागले की पोरांचं वाचन-लेखन गेलं. ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, सरपंच विजय मोहिते यांनी आधी बायकांची सभा घेतली, हे लक्षात ठेवण्यासारखं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा. दीड तास मोबाइल बंद आणि टीव्हीही बंद. साडेआठला परत भोंगा. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. बायकांच्या मालिका बुडत होत्या, त्याही कुरकुरल्या. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण करत राहिले. त्यात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. दंडापेक्षा लाज जास्त कामाला आली. पुढं बऱ्याच गावांनी ते उचललं.

वडगावात पोरांचा नाद सुटला असं मी म्हणत नाही. साडेआठनंतर फोन परत हातात येतोच. पण त्या दीड तासात बापाच्या हातात पण फोन नसतो. वीस वर्षांत जेवढे नियम मी बघितले, पडद्याचे, पार्टिशनचे, वसतिगृहाचे, कोरियाचे, चीनचे, त्या सगळ्यांत नियम करणारा नियमाच्या बाहेर उभा होता. मीही काउंटरच्या या बाजूला होतो. मोठ्यांना आत घेणारा नियम मला एवढाच सापडला.

काही जण म्हणतील, ऑस्ट्रेलियानं डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडिया बंद केला, ते काय मूर्ख आहेत का? नाहीत. तिथं निदान जबाबदारी कंपनीवर टाकलीय, दंड कंपनीला आहे, पोराच्या आईबापाला नाही. आपल्या गल्लीला कंपनीला दंड करता येत नाही. आपल्याला एकमेकांनाच सांगता येतं.

म्हणून माझी उपसूचना अशी. दंड नको. रोज सात ते साडेआठ, सगळ्यांचे. पेन्शनर, व्यापारी, गल्लीचे पदाधिकारी, सगळ्यांचे. दवाखाना आणि कामधंद्याचे अपवाद ज्याचे त्यानं प्रामाणिकपणे ठरवावेत. देवळातला स्पीकर आहेच, भोंग्याचा खर्च नाही. महिनाभर करून बघू. पोरांना बैठकीला बोलवा, गेल्या वेळी एकही पोरगा नव्हता. आणि बायकांनाही बोलवा, सोयीची वेळ धरून.

तो नववीतला पोरगा आता कोईमतूरला आहे, स्वतःचं गलाईचं दुकान आहे. रोज सकाळी सहाला मला फुलांचं गुड मॉर्निंग पाठवतो. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. रविवारी घेऊन येतो, ज्यांना बघायची त्यांनी बघा. शेवटची पानं कोरी आहेत, भोंग्याची हजेरी त्यातच मांडू. पहिलं नाव माझं.

रविवार, सकाळी दहा, देवळात. तात्या, तुम्ही या.